प्लेट गेली की चिकटली?

प्रश्न : माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी राहतात. त्यांच्याकडे नऊ वर्षांची, 62,000 किलोमीटर चाललेली छोटी पेट्रोल गाडी आहे. जूनमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते पुण्याला आमच्याकडे आले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडी खालून-वरून स्वच्छ धुतली, खळ्यातल्या पत्र्याच्या मांडवाखाली लावली, हँडब्रेक ओढला आणि वरून ताडपत्री बांधली. गणपतीला आम्ही गावी गेलो तेव्हा बॅटरी पूर्ण उतरली होती. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप स्टार्ट दिल्यावर इंजिन लगेच सुरू झाले, पण कोणताही गिअर पडेना. रिव्हर्स टाकायला गेले की मोठ्याने खरखर होते. इंजिन बंद केले की मात्र सगळे गिअर सहज पडतात. क्लचचे पेडल पूर्वीसारखेच लागते. जवळच्या मेकॅनिकने सांगितले, की क्लच प्लेट गेली आहे, गिअरबॉक्स उतरवून सगळा सेट बदलावा लागेल आणि 15,000 रुपयांपर्यंत खर्च येईल. वडील म्हणतात, जूनपर्यंत घाट चढणारी गाडी उभ्या उभ्या कशी बिघडेल? चुलतभाऊ म्हणतो, गिअरमध्ये टाकून सेल्फ मार आणि दोन झटके दे, आपोआप सुटेल. कोणाचे ऐकावे? गाडी मीच चालवते, त्यामुळे झटके द्यायचे झाले तर ते मलाच द्यावे लागणार आहेत.
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न रास्त आहे, आणि निदानाचा धागाही त्याच प्रश्नात आहे. क्लच प्लेट ‘जाते’ ती वापराने, म्हणजे तिच्यावरचे अस्तर झिजून. अस्तर झिजले की प्लेटची पकड सुटते, इंजिन जोरात फिरते पण गाडीला वेग येत नाही, चढावर जळका वास येतो; गिअर मात्र अशा गाडीत बहुधा नीट पडतात. तुमच्या गाडीत नेमके याच्या उलट घडते आहे. पकड सुटायला हवी तेव्हा ती सुटत नाही. पेडल पूर्ण दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून राहिले आहेत. जिची पकड सुटत नाही त्या प्लेटला ‘गेली’ म्हणणे म्हणजे न उघडणाऱ्या दाराची कडी तुटली आहे असे म्हणण्यासारखे आहे. मेकॅनिकची नियत वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. आपल्याकडे क्लचची कोणतीही तक्रार ‘प्लेट गेली’ या दोन शब्दांत बसवण्याची सवय आहे आणि गिअरबॉक्स उतरवला की त्यात प्लेट बदलली जातेच, त्यामुळे निदान चुकले होते हे नंतर कोणाच्या लक्षातही येत नाही.

इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, हे तुमच्या पत्रातले सर्वात उपयोगी वाक्य आहे. गिअरबॉक्स आतून जाम झाला असता किंवा गिअर बदलणारी केबल निसटली असती, तर इंजिन बंद असतानाही गिअर पडले नसते. इंजिन बंद असते तेव्हा गिअरबॉक्सचा आत जाणारा शाफ्ट स्थिर असतो, त्यामुळे दाते एकमेकांत शांतपणे बसतात. इंजिन सुरू झाले की क्लच दाबलेला असूनही तो शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो, आणि फिरत्या शाफ्टवर गिअर बसवणे सिंक्रोनायझरच्या, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांच्या, आवाक्याबाहेर जाते. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतोच, म्हणून तिथे फिरते दाते थांबलेल्या दातांवर आपटतात आणि तुम्ही ऐकली ती खरखर होते. ती पुन्हा ऐकण्याचा प्रयत्न करू नका. दर वेळी रिव्हर्सच्या दात्यांच्या कडा थोड्या थोड्या झिजतात.

आता उभ्या उभ्या हे कसे झाले ते पाहू. इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील आणि क्लच प्लेटला त्यावर दाबून धरणारी प्रेशर प्लेट ही दोन्ही चाके बिडाची असतात आणि त्यांचे घासणारे पृष्ठभाग रंग किंवा तेल न लावता उघडेच ठेवावे लागतात. या दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट असते. तिचे अस्तर राळ, काचतंतू आणि इतर तंतू दाबून केलेले असते आणि त्यात बारीक छिद्रे असतात. पेडल सोडलेले असते तेव्हा डायफ्रॅम स्प्रिंग या तिन्हींना काहीशे किलोंच्या दाबाने एकत्र आवळून ठेवते. म्हणजे गाडी उभी असते तेव्हा अस्तर बिडावर पूर्ण ताकदीने दाबलेले असते, दिवसरात्र. आत ओल असेल तर बिडावर गंजाचा पातळ थर चढतो आणि तो अस्तराच्या छिद्रांत शिरून वाढतो. आठवडाभरात हे होत नाही, झाले तरी पहिल्या हिसक्यात सुटते. पण कोकण किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, हवा आठवडेच्या आठवडे कोरडी होत नाही, आणि त्या काळात एकदाही पेडल दाबले गेले नाही तर गंज दोन पृष्ठभागांना डिंकासारखा जोडून टाकतो. 2020 च्या टाळेबंदीत मार्चअखेरीस उभ्या राहिलेल्या आणि पावसाळाही तशाच काढलेल्या गाड्यांबद्दल त्या वर्षी अशीच पत्रे आली होती, आणि ती केवळ कोकणातून नव्हती.

वडिलांना दोष देण्यासाठी नव्हे, पण कारण समजावे म्हणून सांगतो : गाडी धुऊन लगेच उभी केली, हे बहुधा मुख्य कारण आहे. खालून पाण्याचा झोत मारला की तो क्लचच्या घराच्या तळाशी असलेल्या फटींतून आणि क्लच सोडवणाऱ्या काट्याच्या रबरी टोपीच्या बाजूने आत जातो, मागच्या ब्रेक ड्रममध्येही जातो. धुतल्यानंतर गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवली असती, तर हे पाणी उष्णतेने उडून गेले असते. गाडी स्वच्छ करून ठेवावी ही त्यांची इच्छा योग्यच होती, फक्त तिच्यानंतर एक फेरी राहून गेली.

तरीही माझ्या या तर्कावर विसंबून लगेच झटके द्यायला जाऊ नका. गाडी हलत नाही किंवा गिअर पडत नाही यामागे तीन वेगळ्या जागा असू शकतात : चाके, पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी, आणि क्लचचे घर. पहिल्या दोन बाहेरून तपासता येतात आणि त्यांना पैसा लागत नाही. म्हणून आधी त्या निकालात काढाव्यात.

चाकांपासून सुरुवात करा. इंजिन बंद ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि सपाट जागेवर दोघांना गाडी ढकलायला सांगा. ती सहज सरकली तर ब्रेक मोकळे आहेत. न सरकल्यास मागच्या ड्रममधले ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटले आहेत असे समजावे; हँडब्रेक ओढून पावसाळाभर ठेवलेल्या गाडीत हे इतके सर्रास घडते, की तुमच्या गाडीत ते झाले नसेल तरच मला आश्चर्य वाटेल. चाक चिकटलेले असताना क्लचबद्दलची कोणतीही परीक्षा खोटे उत्तर देईल. गाडी पुढे-मागे हेलकावल्याने बहुतेक वेळा शू सुटतात आणि सुटताना मोठा ‘टक्’ आवाज होतो. त्याने घाबरू नये. तेवढ्याने न सुटल्यास मेकॅनिककडून ड्रमच्या कडेवर हलके ठोके मारून घ्यावेत.

त्यानंतर पेडल. तुमच्या गाडीत क्लच वायरवर चालतो की तेलावर, हे तुम्ही लिहिलेले नाही. बॉनेट उघडून पाहिल्यास ते कळेल : पेडलच्या बाजूने काळ्या आवरणातली जाड वायर निघून गिअरबॉक्सवरच्या एका लोखंडी दांडीला जोडलेली दिसली तर क्लच वायरचा आहे; त्याऐवजी बारीक नळी गेली असेल आणि ती एका छोट्या सिलिंडरला मिळत असेल तर तेलाचा. (बॉनेट उघडलेच आहे तर उंदरांनी वायरिंग कुरतडले नाही ना, एवढेही पाहून घ्या. तीन महिने बंद असलेली गाडी म्हणजे उंदरांना पावसाळ्यातले आयते घर.) वायर गंजली असेल तर पेडल फार जड होते किंवा अर्ध्यात अडकते, वायरचे धागे तुटत आले असतील तर पेडल दाबले जाते पण तळाशी ताकद पोहोचत नाही. तेलाचा क्लच असेल आणि सिलिंडरचे रबर खराब झाले असेल, तर पेडल मऊ लागते, जमिनीला टेकते किंवा वर यायला वेळ घेते, आणि भराभर दहा वेळा दाबल्यावर तात्पुरते सुधारते. क्लचला लागते ते ब्रेकचेच तेल. ते हवेतले पाणी शोषते, म्हणून दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत सिलिंडरच्या आत गंज धरणे अशक्य नाही. गिअरबॉक्सजवळ ओलसर डाग आणि टाकीतली तेलाची पातळी, दोन्ही पाहावीत.

पेडल पूर्वीसारखे लागते असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे हा भाग ठीक असण्याची शक्यता जास्त आहे. तरी पायाच्या अंदाजावर न जाता डोळ्यांनी खात्री करावी. इंजिन बंद असताना एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरच्या त्या दांडीकडे पाहावे. पेडल तळाला जाईपर्यंत दांडी स्पष्टपणे, साधारण बोटाच्या रुंदीइतकी किंवा त्याहून थोडी जास्त सरकली पाहिजे आणि पेडल सोडल्यावर मागे आली पाहिजे. दांडी हललीच नाही किंवा नखभर हलली, तर दोष बाहेर आहे. वायर, तिचे नट किंवा सिलिंडर बदलून तो जातो आणि गिअरबॉक्सला हात लावण्याची गरज पडत नाही. काही गाड्यांत सिलिंडर क्लचच्या घरातच असतो आणि बाहेर दांडी दिसतच नाही, तिथे मात्र ही परीक्षा करता येत नाही.

दांडी पूर्ण सरकते आणि तरीही क्लच सुटत नाही असे दिसले, तर शेवटची परीक्षा करायची. तीही इंजिन बंद ठेवूनच. गाडी सपाट जागेवर घ्या, पुढे-मागे माणूस, कोंबडी, तुळशीवृंदावन असे काही नाही हे पाहा. पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा, क्लच तळापर्यंत दाबून धरा आणि दोघांना गाडी ढकलायला सांगा. क्लच सुटत असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये सरकली होती तशीच सरकेल. चिकटलेला असेल तर ती जागची हलणार नाही, कारण ढकलणाऱ्यांना गाडीबरोबर इंजिनही फिरवावे लागेल आणि पहिल्या गिअरमध्ये ते हातांनी होत नाही. न्यूट्रलमध्ये सरकणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबूनही सरकत नाही, एवढे सिद्ध झाले की दोष क्लचच्या घरात आहे हे नक्की झाले. ही परीक्षा मेकॅनिकच्या समोर करा. निकाल त्यालाही पटेल.

घराच्या आत दोष आहे म्हणजे प्लेट चिकटलीच आहे, असे शंभर टक्के मात्र म्हणता येत नाही. प्लेटच्या मध्यभागी दाते असतात आणि त्यांवरून ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर किंचित पुढे-मागे सरकते. ते दाते गंजले तर प्लेट मोकळी असूनही फ्लायव्हीलपासून दूर होत नाही. काट्याचा दांडा आत वाकलेला असू शकतो, डायफ्रॅम स्प्रिंगचे बोट तुटलेले असू शकते. पण हे दोष साधारणपणे चालत्या गाडीत हळूहळू जाणवतात, आधी गिअर जड होतात, सकाळी अडतात. जूनच्या एका संध्याकाळी ठणठणीत असलेली गाडी गणपतीला अडली, मध्ये ती जागची हललीही नाही, हा इतिहास गंजाकडेच बोट दाखवतो. दातेच गंजले असतील तरी पहिले उपचार तेच आहेत.

उपचारांत घाई नको. बॅटरी आधी नीट चार्ज करून घ्या. उभ्या स्थितीत ती सुमारे 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर पूर्ण भरलेली समजावी. मग सर्वात सौम्य उपाय : न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून मोकळ्या हवेत वीस मिनिटे चालू ठेवा. इंजिनाची उष्णता फ्लायव्हीलपर्यंत पोहोचते आणि आतली ओल बरीच कमी होते. इंजिन बंद करून क्लच तळापर्यंत दाबा आणि सीट व पेडल यांच्यामध्ये योग्य लांबीचा लाकडी ठोकळा किंवा दांडका अडकवून तो रात्रभर तसाच ठेवा. स्प्रिंगचा दाब निघाला की प्लेटला धरून ठेवायला फक्त गंज उरतो, आणि रात्रीच्या गारव्यात धातू आकसताना तो कधी कधी स्वतःहून सुटतो. सकाळी कोणीही काही न करता गिअर पडलेले मी पाहिले आहेत. पण नेहमी पडतात असे नाही.

न पडल्यास इंजिन बंदच ठेवून गाडी हेलकावून पाहा. यासाठी पहिला गिअर वापरू नका, चौथा वापरा. ढकलण्याची ताकद चाकांकडून क्लचकडे येते तेव्हा पहिल्या गिअरमध्ये तिचा फारच थोडा पीळ प्लेटपर्यंत पोहोचतो; चौथ्यात तो साडेतीन-चार पट होतो. परीक्षेला पहिला आणि सोडवायला चौथा, असे का, याचे हे कारण आहे. क्लच दाबून धरा, दोघांनी मागून आणि दोघांनी पुढून आळीपाळीने लयीत ढकला. गणपतीत घरी माणसे असतातच. अशा कामाला त्यांच्यासारखी मदत नाही.

आता चुलतभावाचा उपाय. तो अडाणीपणाचा नाही; जगभर हाच वापरतात आणि बहुतेक चिकटलेले क्लच त्यानेच सुटतात. पण त्यात गाडी सुरू होताक्षणी चालू लागते आणि क्लच दाबून ती थांबत नाही, हे ज्याला मनोमन समजलेले आहे त्यानेच तो करावा. घरासमोरचे खळे किंवा गडग्यांमधली पाणंद यासाठी चालणार नाही. गाडी ढकलत, शक्य तर दुसऱ्या गाडीने ओढत, गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात किंवा सरळ, सपाट, रिकाम्या रस्त्यावर न्यावी लागेल. समोर किमान शंभर मीटर मोकळे हवेत आणि उतार अजिबात नको. शेजारच्या सीटवर जाणता माणूस असावा, मागे मुले नकोत, सीटबेल्ट लावलेला असावा.

इंजिन आधी गरम करून बंद करा. पहिला गिअर टाका, क्लच पूर्ण दाबा, हँडब्रेक सोडा आणि सेल्फ मारा. गाडी हिसका देऊन पुढे सरकेल आणि इंजिन सुरू झाले की चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने जाऊ लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर थोडा दाबा आणि एकदम सोडा, असे चार-पाच वेळा करा. तेवढ्याने न सुटल्यास ॲक्सिलरेटर हलका दाबलेला ठेवून उजव्या पायाने क्षणभर ब्रेक द्या. त्यासाठी पाय झटकन हलवावा लागतो, म्हणून आधी गाडी बंद असताना सराव करून पाहा. इंजिन गाडीला पुढे ढकलते आहे आणि ब्रेक चाकांना अडवतो आहे, या ओढाताणीत सगळा पीळ गंजाच्या थरावर येतो. सुटताना ‘खट्’ असा आवाज येतो किंवा येतही नाही. पण गाडी एकाएकी मोकळी धावू लागते आणि इंजिन आपल्या आपण फिरते, हे लगेच जाणवते. रस्ता संपत आला तर किल्ली फिरवून इंजिन बंद करा आणि ब्रेक एकदाच, ठामपणे दाबून धरा. किल्ली बाहेर काढू नका, कारण स्टिअरिंगला कुलूप लागेल. इंजिन बंद झाल्यावर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांत संपते, म्हणूनच वेग वाढू द्यायचा नाही.

असे दोन फेऱ्यांत सुटले नाही तर थांबावे. तुम्ही गाडी चालवता, पण हा प्रकार पहिल्यांदाच करणार आहात. मनात धाकधूक असेल तर गाडी मेकॅनिकलाच चालवू द्या आणि त्या कामाचे पैसे आनंदाने द्या. सुटत नसलेल्या क्लचवर तासभर झटके देत राहिल्याने इंजिनाची रबरी माउंट आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट यांचे नुकसान होते.

एक उपाय मात्र कोणी सुचवला तरी करू देऊ नका : तपासणीच्या छिद्रातून गंज सोडवणारा स्प्रे किंवा डिझेल मारणे. नट-बोल्टला जो स्प्रे वरदान आहे तो क्लचच्या अस्तराला विष आहे. अस्तर तेल शोषते, प्लेट सुटते खरी, पण नंतर ती कायमची घसरू लागते. म्हणजे मेकॅनिकचे चुकीचे निदान आपणच आपल्या हातांनी खरे करून दाखवतो. गाडी जॅकवर उचलून चाके वेगात फिरवायची आणि एकदम ब्रेक मारायचा, हा प्रकारही मी घरी करायला सांगणार नाही. जॅकवरून निसटलेली गाडी गिअरमध्ये असेल तर काय होईल याचा विचार करा.

क्लच सुटल्यानंतरचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. पृष्ठभागांवर गंजाची पूड असते, त्यामुळे पहिल्या काही किलोमीटरमध्ये गाडी उचलताना थोडी थरथर जाणवेल. दहा-बारा वेळा गाडी थांबवून नेहमीपेक्षा किंचित सावकाश क्लच सोडत उचलली की ती पूड घासली जाते. यानंतरही थरथर तशीच राहिली किंवा वाढली, तर सुटताना अस्तराचा तुकडा प्लेटवरून निघून फ्लायव्हीलला चिकटून राहिला असण्याची शक्यता आहे. आणि मेकॅनिकच्या मूळ दाव्याची परीक्षा आता घेता येईल : रिकाम्या सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी 40 किलोमीटरने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग सोबत वाढले तर प्लेट शाबूत आहे. आवाज एकदम चढला आणि वेग मागे राहिला तर अस्तर खरोखर संपत आले आहे, आणि मग सेट बदलण्यात वावगे काही नाही. 62,000 किलोमीटर आणि घाटरस्ते पाहता तेही अगदी अशक्य म्हणता येणार नाही.

गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ आलीच, तर मेकॅनिकला एवढेच सांगा, की जुनी प्लेट फेकू नये, तुम्हाला पाहायची आहे. अस्तर रिव्हेटच्या डोक्यांच्या वर पुरेसे उरले असेल आणि तुटलेले नसेल, तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट पॉलिश पेपरने साफ करून तीच प्लेट परत बसवता येते. व्यवहार म्हणून पाहिले तर मात्र अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन गिअरबॉक्स खाली आणल्यावर नऊ वर्षांची प्लेट आणि बेअरिंग परत घालण्यात फारशी बचत नसते. इथे माझे मत मेकॅनिकच्या बाजूने आहे. शाफ्टच्या दात्यांना लावायचे ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल इतकेच हवे, जास्त झाले तर ते उडून अस्तरावर जाते.

पुढच्या पावसाळ्यासाठी वडिलांना काही गोष्टी सांगा. गाडी धुवायची तर निघण्याच्या दोन दिवस आधी धुवावी, आणि त्यानंतर बाजारापर्यंत का होईना, वीस मिनिटे चालवून, ब्रेक आणि क्लच वापरून मगच उभी करावी. हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पत्र्याचा मांडव असताना प्लास्टिकची ताडपत्री नको. जमिनीतून वर येणारी वाफ तिच्याखाली कोंडते. शेजारच्यांकडे किल्ली ठेवून पंधरा दिवसांतून एकदा इंजिन सुरू करणे, क्लच पंधरा-वीस वेळा दाबणे आणि गाडी दोन हात पुढे-मागे करणे, हा सर्वांत चांगला मार्ग आहे. तसे कोणी नसेल आणि क्लच वायरचा असेल, तर पेडल दाबून लाकडी दांडका अडकवूनच गाडी ठेवावी. काही ट्रॅक्टरांना याच कामासाठी क्लच दाबून ठेवणारी कडी असते, आणि काम नसलेल्या काळात ट्रॅक्टर उभा करताना जाणते शेतकरी ती लावतात. तेलाच्या क्लचला महिनोन्महिने असे दाबून ठेवणे मला पसंत नाही, कारण सिलिंडरच्या रबरांवर सतत दाब राहतो.

असे दांडका लावून, दगड लावून गाडी ठेवली, की एका कागदावर ‘क्लचला दांडका आहे, गाडी पहिल्या गिअरमध्ये आहे, चारही चाकांना दगड आहेत’ असे लिहून तो कागद किल्लीला बांधा. गणपतीला आधी पोहोचणारा चुलतभाऊ असेल, तर तो थेट सेल्फच मारणार.